बाळ-बाळंतीण सुखरूप, पण विचारलं कुणी?

आजचा एपिसोड नेहमीपेक्षा लांब आहे आणि विषयही जरा जड आहे, म्हणून आधी दोन गोष्टी सांगून टाकते. एक म्हणजे आज मी गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनबद्दल बोलणार आहे. त्यात एका ठिकाणी स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा उल्लेख येईल. आत्ता ऐकायची मनःस्थिती नसेल तर खुशाल बंद करा, एपिसोड कुठे पळून जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. ही टेलि-मानस, सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हो, आत्ताच करा सेव्ह, मी थांबते.

झालं? बरं. आणि हेही सांगते की मी बीटेक आहे, डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरते. पण चौदा महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली, आणि त्यानंतरचे काही महिने मी ज्यातून गेले ते समजून घ्यायला मी बरंच वाचलं, बऱ्याच जणींशी बोलले. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगते.

आपल्याकडे डिलिव्हरी झाली की फॅमिली ग्रुपवर एक ठरलेला मेसेज पडतो. मुलगा की मुलगी, वजन, वेळ, आणि शेवटी ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’. मला हा शब्द फार आवडतो, सुखरूप. पण गंमत बघा, त्या मेसेजनंतर बाळंतीण गायबच होते. नंतरचे सगळे प्रश्न बाळाचे. बाळ कसंय, रात्री झोपतं का, कुणावर गेलंय. बाळंतिणीला विचारलाच तर एकच प्रश्न, दूध पुरतंय का? म्हणजे तोही बाळाचाच झाला.

मी स्वतःसुद्धा तेच करत होते. माझ्या फोनमध्ये बेबी ट्रॅकर ॲप होतं. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, लंगोट किती ओले झाले, शी कुठल्या रंगाची. दीड महिन्याच्या लसीपर्यंत त्यात सहाशेच्या वर नोंदी होत्या. मी त्याची सीएसव्ही काढून ग्राफही केला होता, सवयच आहे ती. त्या अख्ख्या डेटात माझ्यासाठी एक कॉलम नव्हता.

लसीच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये बाळाचं वजन झालं, डोक्याचा घेर मोजला. माझे टाके बघितले, बीपी घेतलं, हिमोग्लोबिनची चिठ्ठी दिली. सगळं नीट झालं. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, बाहेर चाळीस जणींची रांग होती, कुणावर राग काढायचा नाहीये मला. पण ‘तुला कसं वाटतंय’ हा प्रश्न त्या तासाभरात कुणी विचारला नाही. आणि त्या आठवड्यात मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

आता ‘बरं वाटत नव्हतं’ म्हणजे काय? आपल्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारी बाई. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. सगळे बाळाभोवती जमून हसायचे आणि मला वाटायचं, मी दुसऱ्याच्या घरी पाहुणी आलेय, कधी एकदा आपल्या घरी जाते. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी दर पाच मिनिटांनी उठायचे. जिना उतरताना डोक्यात चित्र यायचं की ती माझ्या हातातून पडली. मग मी जिनाच बंद केला, खाली जायची वेळ आली की आईच्या हातात द्यायचे.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता एकदम गप्प झालं असेल. बाळाला काहीतरी होईल, आपल्याच हातून होईल, असे नकोसे विचार नव्या आयांना सर्रास येतात. ते आले म्हणून ती बाई बाळाला इजा करणार असा अर्थ होत नाही. उलट त्या विचारांनी तीच सगळ्यात जास्त घाबरलेली असते. ते सतत येत असतील, त्यामुळे झोप किंवा रोजची कामं बिघडत असतील तर उपचार लागतात, आणि उपचार आहेत.

बरं, आता थोडी फोड करू. डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच रडू येतं, चिडचिड होते, मग पाच मिनिटांत हसूही येतं. याला बेबी ब्लूज म्हणतात. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही. झोप, आराम आणि जवळच्या माणसांचा आधार पुरतो.

दुसरं टोक म्हणजे पोस्टपार्टम सायकोसिस. हे दुर्मीळ आहे, हजार बाळंतपणांमागे एक-दोन. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक सुरू होतं. बाई दोन-दोन रात्री झोपत नाही तरी दमत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलत्याच समजुती होतात. ही इमर्जन्सी आहे. बाहेरचं झालं, नजर लागली, अमुक गावच्या बाबाकडे नेऊ, यात एक दिवससुद्धा घालवू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तोपर्यंत ती आणि बाळ दोघांजवळ कुणीतरी जागं माणूस हवं. वेळेत उपचार मिळाले तर बाई पूर्ण बरी होते.

या दोन टोकांच्या मध्ये आहे ते डिप्रेशन. आणि ते अजिबात दुर्मीळ नाही. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांची, मिळून २०,०४३ आयांची आकडेवारी एकत्र करून २०१७ मध्ये एक पेपर जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. त्यात प्रमाण निघालं २२ टक्के. म्हणजे पाच जणींत एक. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘न्यू मदर्स’ असतील ना, मोजा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो गोव्यातला अभ्यास. २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. त्यांनी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीपासून गाठलं आणि बाळंतपणानंतरही त्यांच्या मागावर राहिले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं. आता पुढचं ऐका. त्यातल्या ७८ टक्के जणींना मनाचा लक्षणीय त्रास बाळंतपणाच्या आधीच, पोट असतानाच सुरू झालेला होता. आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

म्हणजे ‘हार्मोन्स आहेत गं, होईल नीट’ हे जे आपण म्हणतो ते फार अपुरं आहे. हार्मोन्स असतातच. पण हार्मोन्स सगळ्यांचेच बदलतात. मग या बायकांचं वेगळं काय होतं? त्या अभ्यासात वर आलेली कारणं अशी: गरिबी, नवऱ्याकडून मारहाण, आणि मुलगी होणं. मुलगी झाली म्हणून आईला डिप्रेशन, हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. माझी मुलगी शेजारीच झोपली होती. माझ्या घरी तिच्या जन्मावर पेढे वाटले, ते माझं नशीब. पण ‘पहिली बेटी धनाची पेटी’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांपैकी दोघींनी तरी पुढच्याच वाक्यात ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलंच.

आता ते दहा प्रश्न. माझी हॉस्टेलची रूममेट इंग्लंडमध्ये असते. तिच्या डिलिव्हरीनंतर घरी आलेल्या हेल्थ व्हिजिटरने तिला एक कागद भरायला दिला होता. तिने मला रात्री अडीच वाजता त्याचा फोटो पाठवला, कारण मी रात्री अडीच वाजता ऑनलाइन दिसत होते. एडिंबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल, ईपीडीएस. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही दहा प्रश्नांची यादी आज जगभर वापरतात, गरोदरपणातही वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, शून्य ते तीन गुण, एकूण तीस. साधारण तेरा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायलाच हवं असं मानतात, काही ठिकाणी दहापासूनच लक्ष देतात. हे निदान नाही, नुसती चाळणी आहे.

यात मला डिझाइन म्हणून एक गोष्ट फार आवडली. यात थकवा, भूक, अंगदुखी यांचे प्रश्नच नाहीत. कारण नवी आई थकलेलीच असणार, त्यावरून काही कळत नाही. झोपेचा प्रश्न आहे, पण तो बाळ उठवतं का असा नाहीच. मन इतकं खराब आहे का की झोप येणं कठीण झालंय, असा आहे. अजून एक, कोडवाल्या लोकांसाठी: पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे गुण वरून खाली शून्य ते तीन चढतात, बाकी सातांचे उलटे उतरतात. कुणी याचं ॲप करणार असेल तर पहिला बग इथेच येणार, लिहून घ्या.

माझा स्कोअर आला १७.

मी तेव्हा माहेरी होते, सोलापूरला. आईला सांगायचं होतं, पण ‘आई, माझा ईपीडीएस सतरा आलाय’ असं सांगून काय उपयोग? म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ती अळिवाचे लाडू वळत होती तेव्हा मी तिला एकेक प्रश्न मराठीत करून सांगायला लागले. आणि तिथे माझं मराठी संपलं. दुसरा प्रश्न असा काहीतरी आहे की पुढे घडणाऱ्या गोष्टींची आनंदाने वाट बघावीशी वाटते का. मी असंच पुस्तकी बोलले. आई म्हणाली, “म्हणजे हौस वाटते का, असं?” हो, हौस! एका शब्दात आलं. बारशाची साडी घ्यायला जाऊ म्हणून ती आठवडाभर मागे लागली होती आणि मी नको म्हणत होते. तिच्या डोक्यात तिथल्या तिथे काहीतरी जुळलं असावं, कारण तिचा हात थांबला.

चौथा प्रश्न चिंतेचा. ‘काळजी वाटते का’ असं विचारलं तर मराठी आई काय उत्तर देणार? वाटणारच, आईच आहे ती. आपल्याकडे काळजी हा तर सद्गुण. मग आईनेच सुचवलं, “विनाकारण जिवाला घोर लागतो का, असं विचार.” पाचव्याला तिने शब्द दिला धसका. सहावा प्रश्न इंग्रजीत वाचताना मलाच नीट कळला नव्हता. समजावून सांगितल्यावर आई म्हणाली, “सगळं अंगावर येतंय, असं.” झालं की! रोजचं तेच काम, तेच दूध पाजणं, तेच दुपटं बदलणं, पण अंगावर येतंय. मला त्या क्षणी वाटलं की हे शब्द घरात कायम होते, मला मात्र माझा आजार इंग्रजीत शोधावा लागला.

एक सूचना करते. आमचं हे स्वयंपाकघरातलं भाषांतर स्कोअर काढायला वापरू नका. एका शब्दाने गुण इकडचे तिकडे होतात, म्हणून प्रमाणित भाषांतरं तपासून घेतलेली असतात, आणि आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा. बोलणं सुरू करायला मात्र हे शब्द वापरा. ‘तुला डिप्रेशन आहे का?’ याला नव्वद टक्के वेळा ‘छे गं’ असंच उत्तर मिळेल. हा आकडा माझा अंदाज आहे बरं का, संशोधन नाही. ‘सगळं अंगावर येतंय का गं?’ याला वेगळं उत्तर मिळेल.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. माझं उत्तर शून्य नव्हतं. तो मी आईला शेवटी वाचून दाखवला, मान खाली घालून. आई रडली नाही, ओरडली नाही, ‘असं बोलू नये’ म्हणाली नाही. तिने हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि विचारलं, “आत्ता येतोय का मनात?” मी नाही म्हटलं. “परत आला तर मला उठवशील? कितीही वाजले तरी?” मी हो म्हटलं. त्या रात्री ती माझ्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी माझा नवरा पुण्याहून आला आणि आम्ही सायकियाट्रिस्टकडे गेलो.

माझ्या आईने कुठलंही ट्रेनिंग घेतलेलं नाही. पण तज्ज्ञ हेच करायला सांगतात. थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि या दहाव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६, आणि तिला एकटं सोडायचं नाही.

उपचारांचं थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं आणि त्याची लक्षणं अशीच दिसतात. मग गोळी सुरू झाली आणि आठवड्याला एकदा समुपदेशन, ते व्हिडिओ कॉलवर. ‘अंगावर पाजत्येस आणि गोळ्या?’ हा प्रश्न घरातल्या झाडून सगळ्यांनी विचारला. काही अँटीडिप्रेसंट गोळ्या स्तनपान चालू असताना घेता येतात, त्यांवर भरपूर अभ्यास झालेला आहे. सगळ्याच चालतात असं नाही, म्हणून कुठली ते डॉक्टर ठरवतात. आधीपासून गोळ्या चालू असतील आणि दिवस गेले तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. काही औषधं गरोदरपणात खरंच धोक्याची आहेत, आणि काही अचानक थांबवणं त्याहून धोक्याचं. हे गूगलवर ठरत नाही. गोळीचा फरक जाणवायला मला तीन आठवडे लागले.

गोळीइतकाच फरक झोपेने पडला. डॉक्टरांनी अक्षरशः प्रिस्क्रिप्शनवर लिहून दिलं होतं की सलग पाच तास झोप, रोज. म्हणजे रात्रीचं एक पाजणं दुसऱ्याने करायचं, काढून ठेवलेल्या दुधावर. नवऱ्याच्या कंपनीत बाप झाल्याची रजा पाच दिवस होती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात, खासगी कंपन्यांना मात्र कायद्याचं बंधन नाही. आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही द्यावी लागते. एचआरला विचारा, लाजू नका. नवऱ्याने उरलेली सगळी वार्षिक रजा लावली आणि सोलापुरातून काम केलं. आणि बाप म्हणून ऐकणाऱ्यांनो, २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात वडिलांमध्येही डिप्रेशनचं प्रमाण साधारण १० टक्के निघालं होतं. बायको आजारी असेल तर ते आणखी वाढतं. तेव्हा तुमचंही बघा.

सव्वा महिन्याबद्दल बोलायला हवं, कारण यावर दोन्ही बाजूंनी फार टोकाचं बोललं जातं. एक गट म्हणतो, आपल्या पूर्वजांनी सगळा विचार केला होता, शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू, माहेर, डिप्रेशन हे शहरातल्या नोकरदार पोरींचं फॅड. दुसरा गट म्हणतो सगळंच बुरसटलेलं. मला विचाराल तर सव्वा महिना कुणीतरी आयतं गरम जेवण हातात देतंय आणि रोज अंग चोळून देतंय, याची बरोबरी करणारं एकही ॲप मी पाहिलेलं नाही. पण कानाला रुमाल बांधून बंद खोलीत धुरी घेत बसायचं, बाहेर ऊन दिसू द्यायचं नाही, आणि ‘रडू नकोस, दूध आटेल’ हे वर. या शेवटच्या वाक्याने किती जणींचं तोंड बंद केलं असेल! आणि ज्यांना माहेर उरलेलंच नाही, ज्यांना तिसऱ्या दिवसापासून पाणी भरावं लागतं, ज्यांना घरातच मार बसतो, त्यांचं काय? गोव्याच्या अभ्यासातल्या बायका शहरी नोकरदार नव्हत्या. तेव्हा फॅडवाला मुद्दा तिथेच संपतो.

म्हणूनच कुणी विचारतं, कुठे विचारतं, याने सगळा फरक पडतो. सासू दारात उभी असताना कुठली सून सांगेल की मला जगावंसं वाटत नाही? बाईला एकटीला विचारायला हवं. पाच मिनिटं पुरतात. सगळ्यांना बाहेर काढायला ‘टाके तपासायचेत’ हे कारण उत्तम आहे, ही टीप मला एका नर्सबाईंनी दिली.

आता मला लोक म्हणतात, तू इंजिनीअर आहेस, कर ना मराठीत ॲप, एका वीकेंडचं काम. खरंच एका वीकेंडचं काम आहे. दहा प्रश्न, एक बेरीज. पण सबमिट दाबल्यावर पुढे काय? दहाव्या प्रश्नाला रात्री दोन वाजता ‘हो’ उत्तर आलं, तर ते कुणाच्या फोनवर वाजणार? तिथे जागं माणूस नसेल तर मी फक्त एका बाईकडून तिची सगळ्यात अवघड गोष्ट टाइप करून घेतली आणि डेटाबेसमध्ये टाकली. मी हे काम दोनदा नाकारलंय. आधी पलीकडचं माणूस दाखवा, मग कोड देते.

आणि हे माणूस सायकियाट्रिस्टच असायला हवं असं नाही, हे मला वाचताना कळलं आणि फार बरं वाटलं. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये अतीफ रहमान यांनी एक प्रयोग केला. आपल्या आशाताईंसारख्या तिकडे लेडी हेल्थ वर्कर असतात. त्यांना साध्या पद्धती शिकवल्या: आईचं ऐकून घ्यायचं, तिच्या डोक्यातले ‘मी वाईट आई आहे’ छापाचे विचार तपासायला मदत करायची, रोजचं एक छोटं काम ठरवायचं, घरच्यांना सामील करून घ्यायचं. डिप्रेशन असलेल्या ९०३ गरोदर बायकांवर हे करून पाहिलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यात २३ टक्के जणींना अजून डिप्रेशन होतं, आणि ज्यांच्याकडे नुसत्या नेहमीच्या भेटी झाल्या त्यांच्यात ५३ टक्के. हे २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. पुढे गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने त्याचंच रूप आणखी सोपं केलं. तिथे काम करणाऱ्या बायका आरोग्य कर्मचारीसुद्धा नव्हत्या, त्याच वस्तीतल्या, स्वतः आया झालेल्या. त्यांना नाव दिलं सखी. २८० बायकांवर झालेल्या त्या चाचणीत फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण सहा महिन्यांनी सखी मिळालेल्या जास्त जणी बऱ्या झालेल्या होत्या.

आपल्याकडे दार ठोठावणारी बाई आधीपासून आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असं सरकारी वेळापत्रकच आहे. सहा भेटी! त्यात बाळाचं तापमान आहे, वजन आहे, नाळ आहे. तिच्या पिशवीत आणखी एक फॉर्म कोंबा असं मी म्हणणार नाही, तिच्या मानधनाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. द्यायचं असेल तर तिला या कामाचे पैसे आणि मागे उभा राहणारा डॉक्टर, दोन्ही द्या.

दाखल व्हायची वेळ आली तर बाळ काढून घेतील ही भीती मला होती, आणि ती पुष्कळ जणींना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात यावर स्पष्ट कलम आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही, बाळाला खरंच धोका असेल तरच. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणारा खास वॉर्ड आहे. असे वॉर्ड देशात फारच थोडे आहेत, ही वाईट गोष्ट.

सध्या मी बरी आहे. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणली आहे. मुलगी चालते, माझ्या कीबोर्डवर बसते.

आता तुमच्याकडून एक हवंय. आमच्या घरात निघाले ते शब्द म्हणजे घोर, धसका, हौस, अंगावर येणं. तुमच्याकडे बाळंतिणीला असं व्हायचं तेव्हा तुमची आजी, आई, मावशी काय म्हणायच्या? खानदेशात, कोकणात, मराठवाड्यात, बेळगावात वेगळे शब्द असणार. त्यांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आपल्या नेहमीच्या नंबरवर पाठवा. तीस सेकंदांची क्लिप चालेल. मागे बाळ रडत असलं तरी चालेल.